पुलाचे यजमान

“कुंदे, कोनशिला पुसली का?” बाबांनी शिडीवरून ओरडून विचारलं.

“कोनती? नवी का जुनी?” मी खालून विचारलं.

मांडवाच्या लाकडी बल्ल्या धरून उभे असलेले दोन्ही गडी फिदीफिदी हसले. बाबा मात्र हसले नाहीत. एरवी हा विनोद त्यांचाच होता. जीनपुऱ्यात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते हाताला धरून न्यायचे आणि कोनशिला दाखवायचे. आज त्यांनी नुसता खिळा ठोकला, तोही वाकडा.

आमच्या पुलाचं ते पाचवं भूमिपूजन होतं. आधीच्या चार कोनशिला वस्तीत सुखानं नांदत होत्या. पहिली मारुतीच्या देवळाची पायरी झाली होती आणि येणारा-जाणारा मान्यवरांच्या नावावर पाय देऊन दर्शनाला जात होता. दुसरी हापशीजवळ बायकांच्या धुण्याला लागली होती. तिसरी रशीदभाईंच्या पिठाच्या गिरणीसमोर दळणाचे डबे टेकवायला. चौथी लिंबाखाली दोन दगडांवर आडवी घालून म्हाताऱ्यांनी तिचा बाक केला होता. त्या बाकावर बसून ते दिवसभर पूल न बांधणाऱ्या नगरपालिकेला शिव्या देत. म्हणजे पूल सोडला तर पुलाच्या निमित्तानं वस्तीची बरीच सोय झाली होती.

आमचं शहर वऱ्हाडातलं. कापसाच्या पैशावर वाढलं आणि कापसाबरोबरच खाली बसलं. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने बंद पडले, सूतगिरणीच्या आवारात बकऱ्या चरू लागल्या आणि शिकलेली पोरं एकेक करून पुण्याची गाडी धरू लागली. नदीच्या एका काठावर बाजार, कचेऱ्या, कॉलेज, दवाखाना आणि एसटी स्टँड. दुसऱ्या काठावर आम्ही. मध्ये एक रपटा, म्हणजे नदीच्या पात्रातूनच नेलेला बुटका सिमेंटचा रस्ता. नदीला जरा पाणी आलं की तो बुडायचा. “रपटा बुडाला” हे कारण शाळेत, कचेरीत आणि सासरी सारखंच चालायचं. पुलाची गोष्ट तर इतकी जुनी, की अख्ख्या शहरात उसने मागणाऱ्याला लोक सांगत, “देतो ना, जीनपुऱ्याचा पूल झाला की देतो.” मागणारा समजून उठून जायचा.

मलाही असाच एकीनं निरोप दिला होता, म्हणून ही गोष्ट मी सांगते आहे.

बाबा, शालिग्राम धांडे, आधी जिनात फिटर होते. जिन बंद पडला तेव्हा त्यांनी बल्ल्या, कनाती आणि सतरंज्या घेऊन मंडप डेकोरेशनचं दुकान काढलं. दुकान आणि मागचं गोदाम नदीच्या उंच काठावर, स्वतः विटा वाहून बांधलेलं. त्यांच्या मांडवात भोंगे बांधायला पलीकडून विलास मानकर यायचा. ‘मानकर साउंड सर्व्हिस’चा मालकही तोच आणि गडीही तोच. भोंगे कुठे बांधायचे यावरून आमची भांडणं व्हायची. वर्षभर भांडल्यावर आमच्या लक्षात आलं की भोंगा बांधून झाला तरी भांडण संपवायची आमची इच्छा नसते. तेव्हा विलासनं आपल्या आईला मला पाहायला आणलं.

मानकरकाकू चार नातेवाइकांसह आल्या ते भाद्रपदात. पोहे होतात न होतात तोच रपटा बुडाला. पाहायला आलेली मंडळी दोन दिवस मुक्कामाला राहिली. काकूंनी माझ्या हातचे पोहे खाल्ले, पिठलं खाल्लं, दुसऱ्या दिवशी भाजी संपल्यावर नुसता ठेचाही खाल्ला. पाणी उतरल्यावर निघताना म्हणाल्या, “पोरगी मले आवडली. पन माह्या पोराची वरात मी या रपट्यातून आननार नाई. पूल झाल्यावर बोलू.”

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. याचा अर्थ काय होतो ते शहरात शेंबड्या पोरालाही कळत होतं. एकट्या विलासला कळलं नाही, किंवा त्यानं कळून घेतलं नाही. “आई पूल झाल्यावर म्हनाली ना? मंग करू ना पूल,” तो म्हणाला, जसा काही पूलही भोंग्यासारखा सायकलला बांधून आणता येतो. तो नगरपालिकेत इतक्या चकरा मारायला लागला, की तिथला शिपाई त्याला कर्मचारी समजून चहाला हाक मारायचा. त्याच्या जाचामुळे म्हणा की निवडणूक आल्यामुळे म्हणा, पुलाचा पैसा पुन्हा मंजूर झाला. काकूही थोड्या नरमल्या. “खांब उभे राहिले तं थांबीन,” त्या म्हणाल्या. “नाई तं उन्हाळ्यात शेगावची पोरगी पक्की.”

त्यामुळे त्या दिवशी जीनपुऱ्याला पाचवं भूमिपूजन म्हणजे पाचव्यांदा फुकटचा पेढा होता. माझं मात्र सगळं त्या मांडवाखाली अडकलं होतं. सव्वीस वर्षांची होते मी. दुसरं स्थळ बघायला घरचे तयार होते, मी नव्हते.

मार्गशीर्षातली सकाळ होती. थंडी मरणाची. आईनं पातेलंभर चहा केला आणि गड्यांना दिला, विलासला दिला, मला दिला. स्वतः घेतला नाही.

“तू?” मी विचारलं.

“उपास आहे.”

गुरुवार नव्हता, एकादशी नव्हती. “आज कायचा उपास?”

“असाच.”

त्यात तिनं हिरवं काठाचं लुगडं नेसलं होतं, जे सणासुदीलाच पेटीबाहेर यायचं. मानकरकाकू कार्यक्रमाला येणार होत्या. मी मनाशी म्हटलं, विहीणबाईंवर छाप पाडायची तयारी दिसते. मला तिची दयाच आली.

बाबांचा चहा तिनं शिडीच्या पायरीवर ठेवला. बाबा म्हणजे चहाबाज माणूस. घरात कुणी पातेलं नुसतं आपटलं तरी हात पुढे करायचे. त्या दिवशी म्हणाले, “राहू दे, काम पडलं आहे.” गिलास तसाच राहिला आणि चहावर जाड साय धरली. थोड्या वेळानं आईनं तो उचलला, क्षणभर पाहिला आणि लिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकला.

एवढ्यात वझरकर महाराज आले. हे आमच्या वस्तीतले पुरोहित, आमच्या गोदामाला लागूनच त्यांचं घर. माणूस काडीसारखा आणि मंत्र मेलगाडीसारखे. एकदा सुटले की मधल्या कुठल्याही स्टेशनावर थांबायचे नाहीत. आधीची चारही भूमिपूजनं त्यांनीच सांगितली होती, आणि त्याचं त्यांना फार लागलं होतं. कारण नदीपलीकडे लोक आता म्हणायला लागले होते, की वझरकर महाराजांच्या हाताला यश नाही. दोन जणांनी तर वास्तुशांतीला दुसरा ब्राह्मण बोलावला होता.

महाराजांनी चौरंग मांडला, कलश ठेवला आणि समोर शेजारी शेजारी दोन पाट टाकले.

“महाराज, दोन कायले?” बाबांनी शिडीवरून विचारलं. “भैयासाहेब तं एकटेच बसते. कमरेले सुपारी लावून.”

ही आमच्याकडची रीत. पूजेला जोडप्यानं बसायचं, आणि बायको हजर नसेल तर तिच्या जागी कमरेला सुपारी खोचायची. नगराध्यक्ष भैयासाहेब टेकाडे यांचं कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला असायचं, त्यामुळे शहरातली सगळी भूमिपूजनं त्यांनी सुपारीच्या सोबतीनं केली होती.

“दोन राहू दे. शास्त्र आहे,” महाराज म्हणाले.

“मांगच्या चारदा शास्त्र नव्हतं काय?”

“मागच्या चारदा पूल झाला काय?”

बाबा पुन्हा हातोडी घेऊन वर वळले. खरं तर मांडवाचं सगळं काम तोवर आटोपलं होतं. ते काय ठोकत होते कोण जाणे.

भैयासाहेब वेळेवर आले, म्हणजे दीड तास उशिरा. गोल चेहरा, गोड जीभ आणि स्वभाव असा, की ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. त्यांच्याकडे गेलेला माणूस नेहमी खूश होऊन परतायचा आणि काम नेहमी तसंच राहायचं. अख्खा जीनपुरा जमला होता. म्हातारे चौथ्या कोनशिलेवर बसले होते. मानकरकाकू नाकाला पदर लावून रपट्यावरून आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी हात पुसून बसावं अशी खूण विलासनं मला केली. मी बसले नाही. मांडवाच्या बल्लीला टेकून उभी राहिले.

भैयासाहेब पाटावर बसले, सुपारी खोचली. महाराजांनी त्यांच्या उजव्या तळहातावर अक्षता ठेवल्या, पळीनं पाणी घातलं आणि थांबले. मेलगाडी थांबलेली जीनपुऱ्यानं पहिल्यांदा पाहिली.

“भैयासाहेब, देवाला संस्कृत समजतं, तुम्हाला नाही,” महाराज म्हणाले. “आज संकल्प मराठीत. मी म्हणतो तसं म्हणा, आणि मग हे पाणी ताम्हनात सोडा. एकदा सोडलं की मागे घेता येत नाही.”

“म्हना ना, म्हना,” भैयासाहेब म्हणाले.

विलासनं माइकची दांडी पुढे केली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. एक भोंगा लिंबावर होता, एक मारुतीच्या देवळावर.

“मी, नगराध्यक्ष टेकाडे...”

“मी, नगराध्यक्ष टेकाडे...”

“या नदीवर पूल बांधून, तो जीनपुऱ्यात इथे, या जागी उतरवीन.”

“या नदीवर पूल बांधून, तो जीनपुऱ्यात...” भैयासाहेब अडखळले. मग पुढे वाकून महाराजांच्या कानाशी हळूच म्हणाले, “महाराज, इथी कसं म्हनता? तुमीच तं माह्या घरी येऊन म्हनाले होते, इथी नको, माहं अंगण जाते. धांडेच्या गोदामाकडं सरकवा.”

हे त्यांनी हळू म्हटलं, पण माइकला हळू-जोरात काही कळत नाही. देवळावरच्या भोंग्यातून ते वाक्य नदीपार गेलं.

आधी कुणाला काही समजलं नाही. मग लिंबाखालच्या एका म्हाताऱ्यानं “वा रे महाराज” म्हटलं आणि हशा पिकला. महाराजांचे कान लाल झाले. विलास माइक बाजूला घेऊ लागला तशी भैयासाहेबांनी दांडी धरली.

“राहू दे. आता चालूच आहे तं ऐकाच सगळे,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट बरेच दिवस पोटात ठेवलेलं बाहेर काढल्याची मोकळीक होती. “हसता काय? महाराज एकटे नाई आले. शालिग्रामभाऊ चारही खेपेले आले. म्हने, गोदाम वाचवा, पूल महाराजाच्या अंगणातून घ्या. रशीदभाई आले, म्हने गिरणीचा ओटा वाचवा, पूल गोदामाकडून घ्या. बाकीचेही आले, नावं नाई घेत. सगळ्याइले पूल पाह्यजे, पन शेजाऱ्याच्या दारातून पाह्यजे. अन् मी कोनाले नाई म्हनलो नाई. सगळ्याइले म्हनलं, होईन. मंग इंजिनेर मले विचारते, साहेब, पूल हवेतच उतरवू का?”

आता कुणी हसलं नाही.

“या खेपेले शालिग्रामभाऊ काऊन आले नाई, मले माहीत नाई,” भैयासाहेब पुढे म्हणाले. “पन मांगचे चार अर्ज तोंडी आहेतच.”

मी बाबांकडे पाहिलं. ते शिडीवर तसेच उभे होते, हातात हातोडी, तोंड कनातीकडे. ज्या पुलावर माझं लग्न टांगलेलं होतं तो माझ्या बापानंच चार वेळा सरकवला होता. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली, कारण पहिल्या रांगेत मानकरकाकू नाकावरचा पदर काढून सगळं ऐकत होत्या.

भैयासाहेबांनी हात उघडला. बोटांतून गळून पाणी कधीच संपलं होतं, तळहाताला नुसत्या अक्षता चिकटल्या होत्या.

“पाणी गेलं,” महाराज खाली बघत म्हणाले. “संकल्प झाला नाही.”

“होनार कसा? पैसा मी आनला, जागा कुठून आनू? ज्याची जागा जाते त्याले बसवा यजमान म्हनून.” भैयासाहेबांनी कमरेची सुपारी काढून चौरंगावर ठेवली, उठले आणि मानकरकाकूंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले.

समोर दोन रिकामे पाट राहिले. शंभर-दीडशे माणूस, पण एक जागचा हलेना. म्हातारे आभाळाकडे पाहत होते, जसा काही पूल तिकडूनच येणार होता. रशीदभाई टोपी काढून झटकत होते. मागून कुणीतरी म्हणालं, “काई होत नाई बाप्पा. पेढे वाटा अन् चला घरी.” खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागले.

तेवढ्यात माझी आई बायकांतून उठली.

तिनं हापशीवर जाऊन पाय धुतले. घाई नाही, काही नाही. लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, मांडवात आली आणि उजव्या बाजूच्या पाटावर बसली. डावा पाट मोकळा ठेवला. कुणाकडे पाहिलं नाही, समोरच्या कलशाकडे पाहत राहिली.

महाराजांनी मोकळ्या पाटाकडे पाहिलं. “वहिनी, एकट्याच?”

“एकटी कायले बसू?” आई म्हणाली. विलासनं माइक मागे घेतलेला नव्हता. “येतीन ना ते.”

दीडशे माना शिडीकडे वळल्या. बाबांनी हातोडी एका पायरीवर ठेवली, ती पडली. ते खाली उतरले. त्यांना इतकं हळू उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी हा माणूस बल्लीवरून घसरत यायचा. चपला काढल्या, हापशीवर पाय धुतले आणि येऊन आईच्या शेजारी बसले. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

महाराजांनी त्यांच्या हातावर पाणी घातलं. आईनं आपली बोटं त्यांच्या मनगटाला लावली. ते पूजेच्या रीतीप्रमाणंच होतं, पण मला वाटलं, तिनं जरा घट्टच धरलं.

“मी सांगतो तसं...” महाराज सुरू झाले.

“मी सांगतो माह्या मनानं,” बाबा म्हणाले. घसा खाकरला. “मी शालिग्राम सखाराम धांडे, मंडपवाला. जिन बंद झाला तवा हे गोदाम मी बांधलं. याच्यावर माहं घर चाललं, म्हनून जीव अडकला होता. या गोदामाची पुढली बाजू, दुकानाच्या पाटीसकट, मी पुलाले देली. पूल इथीच उतरीन. सरकनार नाई.”

“कधी खाली करता?” खुर्चीवरून भैयासाहेबांनी विचारलं. कच्चे नव्हते ते.

“हा तुमचा मांडव सुटला की लागतो कामाले.”

आणि बाबांनी पाणी सोडलं. ताम्हनात ते पडल्याचा आवाज भोंग्यातून सगळ्या वस्तीला ऐकू गेला.

त्यानंतरचा गोंधळ सांगण्यासारखा होता. बाबा पाटावरून उठायच्या आत रशीदभाई पुढे आले. “महाराज, मी पाटावर नाई बसत. पन पानी माह्याही हातावर द्या. ओटा गेला समजा. दळनाचे डबे खाली ठेवतीन लोक.” त्यांनी उभ्यानंच पाणी सोडलं आणि हात छातीला लावला. मग बायकांना जोर आला. एकेकजणी नवऱ्याला हाताला धरून, काही ढकलून, पाटावर आणू लागल्या. कुणाचं न्हाणीघर गेलं, कुणाची पायरी, कुणाची गोठ्याची भिंत. ज्यांचं काहीच जाणार नव्हतं असं एक जोडपंही येऊन बसलं, महाराजांनी विचारलं तर म्हणाले, “आमी पन बसतो, कोनी म्हनाले नको.” चौथ्या कोनशिलेवरचे म्हातारे उठले आणि रांगेत उभे राहिले.

सगळे झाले तेव्हा बाबा म्हणाले, “महाराज, आता तुमचं अंगण राहिलं.”

महाराजांनी घरातून आपल्या बायकोला बोलावलं. स्वतः पाटावर बसले आणि स्वतःच स्वतःला संकल्प सांगितला. त्या दिवशी त्यांची गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबली.

कार्यक्रम संपल्यावर मानकरकाकू माझ्याजवळून गेल्या. थांबल्या नाहीत, पण जाता जाता म्हणाल्या, “पोरीची माय कामाची आहे.” विलास भोंग्याच्या तारा गुंडाळत होता. त्यानं त्या इतक्या आनंदात गुंडाळल्या, की सोडवायला मला संध्याकाळ झाली.

पूल काही जादूनं उभा राहिला नाही. एक ठेकेदार सळया घेऊन पळाला, भैयासाहेब मधेच निवडणूक हरले, नवे आले त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. पण पूल कुठे उतरणार हे आता कुणाच्या घरी जाऊन बदलता येत नव्हतं. कुणी तसा विचार जरी बोलून दाखवला तरी बायको विचारायची, “पानी सोडलं होतं ना?” होळीच्या सुमाराला पहिले दोन खांब पाण्याबाहेर आले. मानकरकाकू स्वतः येऊन पाहून गेल्या, एकाला हात लावून खात्रीही केली. शेगावच्या मुलीचं दुसरीकडे छान झालं, दोन मुलं आहेत तिला.

आमची वरात आली तेव्हा पुलाला कठडे नव्हते. विलासनं दोन्ही बाजूंना बाबांच्या बल्ल्या आडव्या बांधल्या होत्या आणि त्यांना भोंगे. बँडवाल्यांपुढे मानकरकाकू चालत आल्या, पुलाच्या बरोबर मधोमध, कडेला एक पाऊल न टाकता. माझी आई सामोरी गेली आणि शेवटच्या उतारावर तिनं त्यांचा हात धरला. तो उतार होता जिथे आमच्या दुकानाची पाटी असायची.

आता उसने मागणाऱ्याला काय सांगायचं, हा शहरापुढे प्रश्न पडला. काही दिवस लोकांनी तसेच पैसे दिले. मग कुणीतरी विमानतळाची घोषणा केली आणि सगळ्यांची अडचण सुटली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. पूजेला जो बसणार तो सकाळपासून काही खात-पीत नाही, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली तीही लग्नानंतर, पहिल्यांदा सत्यनारायणाला पाटावर बसताना, सासूबाईंनी माझ्या हातातला चहा काढून घेतला तेव्हा. मग मला ते हिरवं लुगडं आणि तो ‘असाच’ उपास आठवला. आई त्या दिवशी घरातूनच ठरवून आली होती. त्यानंतर कित्येकदा मी बाबांना चिडवलं, की तुम्हाला तर आईनं पाटावर ओढलं.

परवा आम्ही दोघं माहेरी गेलो होतो. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. उरलेल्या अर्ध्या गोदामापुढे खुर्ची टाकून ते पुलावरची रहदारी बघत बसतात. कुणी हॉर्न जोरात वाजवला तर त्याला शिव्या देतात, पुलाचे मालक असल्यासारखे. विलास त्यांच्याजवळ बसला होता. आई चहा गाळत होती.

“बाबा, खरं सांगा,” मी म्हटलं. “त्या दिवशी आई बसली नसती तं तुमी बसले असते?”

एक भरलेला ट्रक उतारावरून खाली आला, तो त्यांनी जाऊ दिला.

“मी सकाळपासून चहा घेतला नव्हता,” ते म्हणाले.

मी त्यांच्या खुर्चीजवळ सरकले.

“बसाचंच ठरवून गेल्तो. या खेपेले भैयासाहेबाकडंही गेलो नाई मी. तुह्या लग्नापायी. पन चार खेपा नाई म्हनल्यावर सगळ्याइच्या समोर पयला पाय कसा टाकाचा? कोनी बसा म्हनीन म्हनून शिडीवर चढून उभा होतो. कोनी म्हनेच ना.”

माझे डोळे भरून आले. एवढी वर्षं मी या माणसाची थट्टा केली होती. “आई, ऐकलं का? हे पन उपाशी होते त्या दिवशी. यायनंही चहा घेतला नव्हता.”

“मले काय सांगतं?” आई गाळणी झटकत म्हणाली. “पाट दोन मांडाले महाराजाले मीच सांगितलं होतं. पन चारचौघात यायले उघडं पाडाचं माह्यानं झालं नसतं. मंग गिलास उचलाले गेली तं काठोकाठ भरलेला. तो पाहूनच तं मी जाऊन बसली.”

तिनं चहाचा गिलास बाबांच्या हातात दिला.

“घ्या. अन् आज थंडा करू नका.”